पवळाबाईचा रोज आणि आमच्या घरची मनिऑर्डर

पवळाबाई हिवरगावकरणीला एका रात्रीचा रोज किती मिळत होता?

तमाशावर मराठीत जे लिहिले गेले त्यातले मला मिळाले तेवढे मी वाचले आहे. पवळेच्या रंगाविषयी, रूपाविषयी, पायांतल्या चाळांविषयी लेखकांनी पाने खर्ची घातली आहेत. रोजाचा आकडा मला कुठे आढळला नाही. तो कुणी दडवला असे मी म्हणत नाही. तो कुणाला लिहावासा वाटला नाही, एवढेच म्हणते. आणि माझ्या मते हे दडवण्याहून वाईट आहे. दडवणाऱ्याला निदान आपण काय दडवतो आहोत हे ठाऊक असते.

पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची. महाराची लेक. जन्म १८७०, मृत्यू १९३९. तिच्या आधी ढोलकीच्या फडात बाईचे काम नाच्या पोऱ्या करीत असे. फडात उभी राहिलेली पहिली बाई म्हणून पवळेचे नाव घेतले जाते. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी घरदार आणि कुळकर्ण सोडून तमाशात आले, पठ्ठे बापूराव झाले, आणि पवळा व बापूराव ही जोडी महाराष्ट्रभर गाजली. ब्राह्मणाने महारणीशी संसार मांडला म्हणून गावोगाव गहजब झाला. पुढच्या लेखकांनी या गहजबाची एक सुरस कथा केली. त्या कथेत बापूरावांनी जात टाकली, घर टाकले, मान टाकला. त्यांचा तो त्याग ठरला. पवळेने काय टाकले, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. महाराच्या पोरीपाशी टाकण्याजोगे होते तरी काय, असा हिशेब असावा. एकाच बोर्डावर, एकाच रात्री, एकाच प्रेक्षकांसमोर दोघांनी काम केले. त्यातला एक कवी झाला आणि दुसरी कवीची प्रेरणा. प्रेरणेला रोज द्यावा लागत नाही.

बाईच्या नाचण्याचा पैसा बाईच्या हाती न राहणे ही रीत आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे; तिच्या नोंदी दप्तरांत आहेत. त्या नोंदींत बाईची किंमत सापडते. ती विकणाऱ्याला मिळालेली असते. बाईची किंमत लिहून ठेवायची आणि बाईची मजुरी लिहायचीच नाही, ही त्या दप्तराची पद्धत पुढे तमाशाच्या इतिहासकारांनी नकळत चालू ठेवली.

आता एक हकीकत, जी तमाशाच्या इतिहासात सांगितली जाते आणि आपल्या चळवळीच्या इतिहासातही. १९२७ च्या महाड सत्याग्रहाचे दिवस होते. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न सत्याग्रहाला देऊ केले. बाबासाहेबांनी ते घेतले नाही. महारांच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा नको, असा त्या नकाराचा अर्थ होता. हा नकार मला आजही पूर्णपणे योग्य वाटतो. देणारा जे देत होता ते सर्वस्वी त्याचे नव्हतेच. पण ही हकीकत मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे, भाषणांतून, व्याख्यानांतून, लग्नाच्या मांडवातूनही, की तिच्यातली एक गोष्ट लक्षात यायला मला पन्नास वर्षे लागली. तिच्यात देणारा आहे, नाकारणारा आहे, पैसा आहे. ज्यांच्या पायांनी तो पैसा मिळवला त्या बायका या हकीकतीत कुठेच बोलत नाहीत. पैसे नाकारले गेल्यावर ते त्यांना परत मिळाले की बापूरावांच्याच थैलीत राहिले, हेही कुणी सांगत नाही.

हे सुचण्याचे कारण घरगुती आहे. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. दर चौदा एप्रिलला ते भाषण करीत, आणि भाषणात एक वाक्य ठरलेले असे: आईबापांनी खडी फोडून मला शिकवले. २००९ साली ते गेले. त्यांच्या लोखंडी पेटीत, सनदेच्या आणि सर्व्हिस बुकाच्या खाली, दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा निघाला. मनिऑर्डरीची एकतीस कुपने. सात रुपये, दहा रुपये, एकदा पंधरा, पुष्कळशी पाचाची. पैसे घेणारा विद्यार्थी, म्हणजे वडील, बोर्डिंगच्या पत्त्यावर. पाठवणारणीचे नाव आमच्या थोरल्या आत्याचे. नावाचे हस्ताक्षर दर कुपनावर वेगळे, कारण आत्याला लिहिता येत नव्हते. ज्या गावी जो लिहिणारा भेटला त्याने लिहून दिले.

पोस्टाचे शिक्के मी भिंगाखाली धरून वाचले. पहिल्यांदा गावांचा काही मेळ लागेना. नगर जिल्हा, मग एकदम सातारा, मग पुन्हा पुणे जिल्हा. मग तारखा पंचांगाशी लावून पाहिल्या. पौषात पाली. फाल्गुनात मढी. चैत्रात शिखर शिंगणापूर. ही जत्रांची वाट होती. जत्रेमागे जत्रा धरून फड हिंडत होता आणि फडाच्या मागे ही कुपने. १९४७ ते १९५७ अशी दहा वर्षे. ज्येष्ठ ते भाद्रपदातले एकही कुपन नाही. पावसाळ्यात फड बसतो. स्वातंत्र्य आल्यावर लगेचच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी घातली होती. कलावंतांच्या गाऱ्हाण्यांनंतर ती उठली, पण वग सरकारी मंडळाकडून तपासून घेण्याची अट बसली. त्या बंदीच्या काळातले एकही कुपन गठ्ठ्यात नाही. इतिहासाच्या पुस्तकात बंदी हा एका वाक्याचा मजकूर असतो. बोर्डिंगातल्या मुलाला तेवढे दिवस वह्या मिळाल्या नसणार.

आत्या मला चांगली आठवते. १९९४ साली ती वारली. मागच्या पडवीत सूप मांडीवर घेऊन ती विड्या वळीत बसलेली असे. ती फडात होती हे घरात सगळ्यांना माहीत होते आणि कुणी बोलत नव्हते. पाहुणे आले की तिला आत जायला सांगावे लागत नसे. ती आपणच उठून जाई. मी नोकरीला लागल्यावर, माझी भीड चेपल्यावर, तिच्याजवळ बसून विचारू लागले. तिने जे सांगितले ते त्या वेळी मी लिहून घेतले नाही. शिकलेल्या माणसाचा हा आळस मला आता माफ करता येत नाही. आठवते तेवढे लिहिते.

नवऱ्याने टाकल्यावर पंधरासोळाव्या वर्षी ती फडात गेली. गेली म्हणजे आजोबांनी घातली. पावसाळ्यात घरात दाणा नसे. फडमालक त्याच दिवसांत गावोगाव फिरून उचल देई. दसऱ्याला फड निघायचा, वैशाख सरेपर्यंत फिरायचा, आणि त्या सात-आठ महिन्यांच्या पगाराची रक्कम आधीच उचललेली असायची. "दीडशाची उचल, अंगठा बाचा, पाय माझं," असे ती म्हणाली. मी विचारले, कागदावर तुझे नाव तरी होते का? ती हसली. हंगाम मधेच मोडला, फड बसला, कुणी आजारी पडले तर उचल अंगावर राही आणि पुढच्या सालात ती धरली जाई. म्हणजे पगार तिने कधी पाहिलाच नाही. तो तिच्या आधी घरी पोचलेला असे आणि खाऊन झालेला असे.

तर मग मनिऑर्डरी कशातून? दौलतजादातून. गवळण किंवा लावणी चालू असताना बघणारा पैसा काढून धरतो, बाई पुढे होऊन तो घेते आणि त्याच्या नावाने गाणे म्हणते. त्यातला निम्मा मालकाचा. उरलेल्यात ढोलकीवाला, हलगीवाला, सुरत्ये, आणि शेवटी ती. असा एक आणा, दोन आणे लुगड्याच्या पदराला बांधून ठेवायचे, पाच रुपये झाले की पोस्ट असलेले गाव कधी येते याची वाट पाहायची. दिवसा झोप. तीही बैलगाडीखाली, पुढे मालकाने लॉरी घेतल्यावर लॉरीखाली. रात्री गण, गवळण, बतावणी आणि तांबडे फुटेपर्यंत वग. हँडबिलावर नाव मालकाचे आणि ठळक टाइपात सोंगाड्याचे. आत्यासारख्यांसाठी ओळ एकच असे: नाजूक बायांचा ताफा.

या धंद्याला मी कला म्हणावे की गुलामी, असे मला एका चर्चासत्रात विचारले गेले. प्रश्न विचारणारे सद्गृहस्थ आपलेच होते. मी म्हटले, गिरणीत कापूस पिंजणाऱ्या बाईला आपण हा प्रश्न विचारीत नाही. तिला आपण पगार विचारतो, तास विचारतो. आत्याचा गळा चांगला होता. वगात राणीचे काम मिळाले त्या हंगामाबद्दल बोलताना तिचा हात सुपावरून उठत असे आणि बोलणे संपेपर्यंत खाली येत नसे. तीही खरी आणि उचलही खरी. दोन्हींतले एक खोडून जे चित्र उरते ते विकायला सोपे पडते, सवर्णांना रसिकतेच्या बाजारात आणि आपल्याला अब्रूच्या.

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज यांच्या सभेत भाषण केले. हे जिणे सोडा, लग्ने करा, इतर बायांसारख्या संसाराला लागा, हा त्याचा आशय. पोट कशावर भरायचे असे तुम्ही विचाराल, हे त्यांना दिसत होते. ते मी सांगणार नाही, मार्ग शेकडो आहेत, असे ते म्हणाले. या भाषणावर अलीकडे इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे; शर्मिला रेगे आणि शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रीचा प्रश्न फार गंभीरपणे मांडला. माझे म्हणणे त्याहून साधे आहे. बाबासाहेबांनी एक दार बंद केले, कारण ते बंद करण्याजोगेच होते. शेकडो मार्ग दाखवण्याचे, निदान एखादा खुला करण्याचे काम त्यांच्या मागून येणाऱ्या आम्हा सर्वांचे होते. आम्ही काय केले? आंबेडकरी जलशांनी तमाशाची चौकट घेतली, ढोलकी घेतली, सवालजवाबाचा ठसका घेतला, आणि नाचणारी बाई तेवढी वगळली. ती वगळणे समजण्यासारखे होते. पण तिचा गळाही तिच्याबरोबर गेला. ज्या बाईला शेकडो लावण्या आणि वग तोंडपाठ होते तिला भीमाचे गाणे म्हणायला कुणी बोलावले नाही. फडात बाई नाचते म्हणून फड वाईट. जलशात बाई नाही म्हणून जलसा चांगला. बाईचे काय झाले, हा प्रश्न दोन्हींकडून सुटला.

आमच्या वाड्यावर धर्मांतर १९५७ साली झाले. त्या आधी बैठक बसली आणि ठरले की फडात असलेल्या बायांनी परत यावे. आमच्याकडून आत्या आणि आणखी एक. आत्याच्या अंगावर उचलीचे ऐंशी रुपये शिल्लक होते. ते कोण भरणार, हा विषय बैठकीत निघाला नाही. ऐंशी रुपये तेव्हा थोडे नव्हते, हे खरे. पण मूर्तीसाठी आणि निळ्या कापडासाठी वर्गणी त्याच महिन्यात झाली होती. आत्या आणखी एक हंगाम फडात गेली, उचल फेडली आणि आली. आमच्या घरातल्या सगळ्यांनी दीक्षा घेतली त्या दिवशी ती कुठल्याशा जत्रेत नाचत होती. वडिलांच्या भाषणात ही गोष्ट कधी आली नाही.

शेकडो मार्गांपैकी तिच्या वाट्याला आला तो विडीचा. संगमनेर आणि सिन्नर ही विडीची गावे. तंबाखू आणि पाने कारखान्यातून आणायची, वळून नेऊन द्यायची, हजारामागे मजुरी. खराब निघालेल्या विड्या मुकादम काढून टाकी आणि मजुरी कापी. तीस-पस्तीस वर्षे तिने तेच केले.

तिच्याच पिढीची, तिच्याहून थोडी लहान, विठाबाई नारायणगावकर. जन्म १९३५. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात वाढलेली, आणि जातीचे नाव फडाच्या पाटीवर उघड मिरवणारी. राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला. १९६२ च्या युद्धात सीमेवरच्या जवानांपुढे तिने खेळ केले. २००२ च्या जानेवारीत ती गेली तेव्हा दवाखान्याचे पैसे देणगीतून भरावे लागले होते. २००६ पासून राज्य सरकार तिच्या नावाने तमाशा कलावंताला पुरस्कार देते.

विठाबाईची एक गोष्ट सर्वांना पाठ आहे. दिवस भरलेले असताना ती बोर्डावर होती. कळा सुरू झाल्या, आत गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला उभी राहिली. ही गोष्ट कलेवरील निष्ठेची म्हणून सांगतात आणि टाळ्या पडतात. मला त्या टाळ्यांचा राग येतो. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेब प्रसूतिलाभाच्या विधेयकाच्या बाजूने बोलले होते. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी सांगितले. १९२९ साली तो कायदा झाला, तो कारखान्यातल्या बायकांसाठी. १९६१ साली देशभरासाठी कायदा झाला, कारखाने, खाणी, मळे यांच्यासाठी. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात घोड्यांच्या, कसरतींच्या आणि इतर खेळांच्या आस्थापना आल्या. सर्कशीतल्या बाईपर्यंत कायदा पोचला. आता त्या 'इतर खेळां'त ढोलकीचा फड बसतो की नाही, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. आत्याच्या किंवा तिच्या सोबतिणींच्या तोंडून 'भरपगारी रजा' हा शब्द मी कधी ऐकला नाही. ज्या रात्री खेळ थांबवून त्या बाईला घोंगडीवर निजवायला हवे होते, त्या रात्रीची आपण दंतकथा केली.

याच काळात मराठी सिनेमा तमाशावर जगत होता. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. १९७२ चा 'पिंजरा' तर घराघरांत पोचला; त्यात एक सज्जन मास्तर तमासगिरणीपायी धुळीला मिळतो. आमच्याकडे उलटे झाले होते. आमच्याकडे तमासगिरणीच्या पैशावर मास्तर घडला होता. तो सिनेमा गावात आला तेव्हा वडिलांनी आम्हाला जाऊ दिले नाही. मी तेव्हा त्यांना सोवळे समजत होते.

ज्या बायकांनी पडद्यावर नाव कमावले त्यांचीही थैली त्यांच्या हाती होतीच असे नाही. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन १९७० साली पुस्तकरूपाने आले. एवढी मोठी नटी, पण दहाव्या-अकराव्या वर्षापासून घर तिच्यावर चाललेले आणि कामे घ्यायची की नाहीत यातही नवऱ्याचा हात. तिच्याजवळ निदान सांगायला पुस्तक होते. २००५ साली सरकारने डान्स बार बंद केले तेव्हा पुन्हा तेच बोलणे कानावर आले: बायांनी दुसरे काम करावे. नाचावर पिढ्यान्‌पिढ्या पोट असलेल्या जातींतल्या कितीतरी मुली त्या बारांत होत्या. उच्च न्यायालयाने २००६ साली ती बंदी घटनाबाह्य ठरवली, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. व्यवसाय करण्याचा हक्क आणि समानता ही कारणे दिली. घटना कुणाची, हे वाचकांना सांगायला नको. त्या मुलींच्या बाजूने आपले मोर्चे किती निघाले, हेही सांगायला नको.

१९८६ च्या सुमारास मी आत्याला वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज करायला लावला. तिची इच्छा नव्हती. वडिलांना तर अजिबात नको होते. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. कचेरीतल्या साहेबाने पुरावा मागितला. कोणत्या फडात, किती वर्षे, कात्रण, फोटो, हँडबिल, फडमालकाचा दाखला. फडमालक मेला होता. फोटो कुणी काढला नव्हता. हँडबिलावर 'नाजूक बायांचा ताफा'. साहेब म्हणाला, आजीबाई, मग दोन ओळी म्हणून दाखवा. आत्याने माझ्याकडे पाहिले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "साहेब, रात्रभराचा खेळ असतोय. सुपारी देता का?" आणि उठली. अर्जाचे पुढे काही झाले नाही.

कुपने तेव्हा वडिलांच्या पेटीत होती. त्यांवर तारखा होत्या, गावे होती, तिचे नाव होते. एकतीस दाखले. वडील त्याच खोलीत खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत असत आणि आम्ही पुराव्याविषयी बोलत असू.

आत्याच्या मागे तिच्या नावाचा एकच सरकारी कागद निघाला. विडी कामगाराचे ओळखपत्र. त्यावर फोटो आहे, कारखान्याचा शिक्का आहे, धंद्याच्या रकान्यात 'विडी वळणे' लिहिले आहे. ते आणि कुपने मी आता एकाच पाकिटात ठेवली आहेत. शेवटचे कुपन १९५७ च्या वैशाखातले आहे, पाच रुपयांचे, उचल फिटली त्या हंगामातले. मजकुराच्या जागी कुणाच्या तरी मोडीवळणाच्या अक्षरात एवढेच लिहिले आहे: परीक्षेची फी भरणे. बाकी खुशाल.